पायाचं माप

मुलांनो, वाचता वाचता माझ्याबरोबर मनातल्या मनात एक चित्र काढा बघू. आधी काढा एक बगळा. मान लांब, पाय त्याहून लांब. काढलात? आता त्याला बालवाडीतल्या इवल्याशा खुर्चीत बसवा. गुडघे कुठे गेले? कानापाशी! शाबास. आता बगळ्याला दोन वेण्या घाला, अंगात शाळेचा निळा टी-शर्ट चढवा, पाठीवर सव्वीस नंबर लावा. आणि खुर्चीला दोन चाकं जोडा.

झालं चित्र. या बगळ्याचं नाव मालू. आणि तिला त्या खुर्चीत बसवलं हैबतरावांनी, तिच्या सख्ख्या आजोबांनी. गोष्ट खरं तर त्यांचीच आहे.

हैबतराव पेणचे मूर्तिकार. रामवाडीजवळ त्यांचा गणपतीचा कारखाना. चाळीस वर्षं शाडूत हात. बुटकेसे, गोल, आणि ओठांवर अशी झुपकेदार मिशी, की नवीन गिऱ्हाईक आधी मिशीला नमस्कार करी, मग मूर्तीला! मापाचा त्यांना भारी अभिमान. गागोदे बुद्रुकच्या महिपतीनं एकदा फोनवर सांगितलं, "दादा, आमचं मखर आमच्या म्हशीच्या शिंगांएवढं रुंद हाय."

हैबतरावांनी शांतपणे विचारलं, "कंची म्हैस? काळी का भुरी?"

"भुरी."

बास! मूर्ती मखरात अशी बसली, की दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा उरली. तेव्हापासून हैबतराव येईल त्याला सांगत, "माझं माप चुकलं तर मिशी काढून टाकीन! चाळीस वर्सं झाली. हाय का नाय मिशी जाग्यावर?"

मिशी जागेवर होती. निदान त्या जानेवारीपर्यंत तरी होती.

मालू तेव्हा पंधरा वर्षांची. उंची पाच फूट अकरा इंच, आणि त्यातला मोठा वाटा पायांनीच बळकावलेला. वर्गात बसली की इतर मुलींएवढी दिसायची. उभी राहिली की बाईंना मान वर करून बोलावं लागायचं. घरातली जुनी काळी सायकल ती अशी हाणायची, की चुलीवर चहा चढवून "मालू गो!" म्हणून हाक मारावी, तर ती पुढच्या कासू गावाला शिवून परत आलेली असायची आणि चहाला अजून उकळी फुटायची असायची.

खेळाचे दिनानाथ सर म्हणाले, "मालू, पेण ते रोहा शर्यतीत नाव घाल. सोळा वर्षांखालचा गट आहे. पहिल्या चार मुली जिल्ह्याच्या चमूत जाणार."

फाल्गुनात मालूला सोळावं संपणार होतं. म्हणजे हीच शर्यत. पुढच्या वर्षी या गटात तिला कुणी उभं केलं नसतं. जिल्ह्याचा तो टी-शर्ट तिला इतका हवा होता, की तिनं त्याचा रंगसुद्धा विचारून ठेवला होता.

हैबतरावांनी हे ऐकलं आणि छाती फुगवली. "आमची मालू काळ्या खटाऱ्यावर जाणार? अजिबात नाय! रेसची सायकल आणू. पुण्याहून!"

मालूनं आनंदानं उडी मारली. डोकं कारखान्याच्या वाशाला आपटलं, तरी हसतच होती.

सरांनी चिठ्ठी लिहून दिली. "सायकल घेताना नुसत्या उंचीवर जाऊ नये. पायाचे आतले माप घ्यावे. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, दोन पायांच्या मधे पुस्तक वर दाबून धरावे..." अशी पंधरा ओळींची चिठ्ठी. हैबतरावांच्या चष्म्याला शाडू लागली होती. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि चिठ्ठी परत केली.

"पायाचं माप! एवढंच ना? ते माझ्याहून चांगलं कोण घेणार? बस."

"बसू? उभं राहायचंय, आजोबा."

"सायकलवर माणूस बसतो का उभा ऱ्हातो?"

"बसतो, पण सर म्हणतात..."

"मग? बस त्या पाटावर. मांडी घाल."

"आणि पुस्तक? पायांच्या मधे पुस्तक धरायचंय."

"माप होईस्तवर वाचायला असंल. ठेव मांडीवर नि वाच!"

आता इथे तुम्हाला कारखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मूर्ती बहुतेक बैठी. तिच्या मांडीचा पसारा, म्हणजे या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंतचं अंतर, पाटावर मावतो की नाही हे आधी बघावं लागतं. हैबतरावांच्या कारखान्यात त्यालाच म्हणत 'पायाचं माप'. चाळीस वर्षं त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांच्या कानावरच आला नव्हता.

त्यांनी टेप लावली. उजवा गुडघा, डावा गुडघा. "तीस इंच! सुतात!"

मालू हळूच म्हणाली, "आजोबा, सायकलवर मांडी नाय घालत."

"मूर्ती मी करतो का तू?"

तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. तिनं दोनदा सांगितलं होतं, हे हैबतरावांना नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं. दुसऱ्यांदा ती जरा हळू बोलली होती, तेही.

मग पुण्याच्या दुकानात फोन झाला.

"नमस्कार काका. पायाचं आतलं माप किती?"

"तीस इंच."

"आणि उंची?"

"उंचीवर जाऊ नये म्हणतात ना?"

"वा काका! फार थोड्या लोकांना हे कळतं," दुकानदार खूश होऊन म्हणाला. झालं! हैबतरावांची मिशी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच लांबली. "तीस इंच म्हणजे पन्नास नंबरची फ्रेम बसेल."

"एक्कावन नाय का? शुभ असतंय."

"पन्नास नाही तर बावन्न."

"मग पन्नासच द्या. मापाबाहेर जायचं नाय आपल्याला!"

मागणी गेली. आणि त्याच झोकात हैबतरावांनी जुनी काळी सायकल सगुणाला देऊन टाकली. सगुणा खाडीकडच्या गावची, कारखान्यात रंगकामाला यायची. तिचा हात जितका बारीक, तितकी जीभ तिखट.

"दादा, नवी येऊ तरी द्या आधी," ती म्हणाली. "पोरीचा पाय बसू दे तिच्यावर."

"सगुणे, माप मी घेतलंय!"

"तुमचं माप देवाला चालतंय हो. पण देव कवा उतरून पायडल मारतोय?"

सगळा कारखाना हसला. हैबतरावही हसले. हसायला नको होतं.

सायकल येणार होती आठ दिवस आधी. ती आली शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी. खोकं उघडलं. लाल, चकचकीत, हलकी इतकी की हैबतरावांनी ती एका हातानं उचलून आळीला दाखवली. जास्वंदीचं फूल वाहिलं, नारळ फोडला.

"बस, मालू!"

मालू बसली.

तुम्ही काढलेलं ते चित्र आहे ना? हुबेहूब तेच! पायडल मारायला गेली की गुडघा हँडलला थडकायचा. हँडल चुकवलं तर कोपराला. कोपर उचललं तर हनुवटीला. मूर्ती पोचवायचा टेम्पो चालवणारा शिवा दारात उभा होता. तो म्हणाला, "दादा, ही सायकलवर बसलीय का सायकल हिच्यावर बसलीय?"

"आजोबा," मालू म्हणाली, "लहान आहे."

"लहान नाय, नवी हाय. वापरून सैल पडंल."

"चप्पल आहे का ती!" शिवा म्हणाला.

हैबतरावांनी तणतणत पुण्याला फोन लावला. "ओ! तुम्ही पोराटोरांची सायकल पाठवलीत!"

"काका, तीस इंच सांगितलंत ना? जमिनीपासून वर, पायाच्या आतून?"

"जमिनीपासून कशाला? गुडघ्यापासून गुडघ्यापत्तूर!"

"काका... मांडी घालून?"

"मग कशी?"

पलीकडे शांतता. इतकी लांब, की हैबतरावांनी फोन कानापासून काढून बघितला. मग दुकानदार अगदी हळुवारपणे, आजाऱ्याशी बोलावं तसा बोलला, "काका, सायकल मांडी घालून नाही हो चालवत. बदलून देतो मी. पण चार दिवस लागतील."

चार दिवस! शर्यत उद्या सकाळी सातला.

हैबतरावांनी वळून बघितलं. मालूच्या हातात सरांची चिठ्ठी अजून होती, घामानं मऊ झालेली. तेव्हाच, मुलांनो, त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, की "पोरी, चुकलं माझं." दोन-तीन शब्द. पण शब्द मिशीत अडकले.

"सगुणामावशीकडून जुनी आणू का?" मालूनं विचारलं. "शिवाकाका टेम्पोनं नेतील. तासाभरात येऊ."

"दिलेली वस्तू परत मागायची? मी? हैबतराव?" ते ओरडले. "काय गरज नाय! सीट वर घेऊ, झालं!"

सीट वर घेतली. सीटच्या दांडीवर एक खूण होती, इथून वर काढू नये अशी. ती खूण ओलांडूनही सीट चार बोटं खालीच. मग रामवाडीच्या कान्हू वेल्डरला बोलावणं गेलं. त्यानं एक लांब नळी कापून आणली आणि तिच्या डोक्यावर सीट बसवली. उंची जमली! पण नळी फ्रेमच्या भोकाला जरा बारीक. आत घातली की लटलट हलायची.

"पत्र्याची पट्टी घालू," कान्हू म्हणाला. "उद्या देतो नीट करून."

"उद्या?" हैबतराव हसले. "अरे, पोकळी भरायला मला शिकवतो? शिवा, काथ्या आण! मालू, शाडूचा गोळा!"

त्यांनी शाडूत काथ्या कालवला, नळीभोवती ठासून ठासून भरला, वरून ओल्या फडक्यानं असा गुळगुळीत केला की जणू सोंडेची वळी. "वाळली की दगुड! हत्ती बसला तरी हलायची नाय."

मालूनं सीटवर हात ठेवला. काही बोलली नाही. बोलून काय झालं होतं, ते तिनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामवाडीच्या नाक्यावर एकोणतीस मुली. शिट्टी झाली आणि सव्वीस नंबर सुसाट सुटला! सीट उंच, हँडल खाली, त्यामुळे मालू पायडल मारताना रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला वाकून नमस्कार करत चालल्यासारखी दिसत होती. पण पाय ते पाय! पहिल्या दोन मैलांत ती अकरावी होती, मग आठवी, मग पाचवी. मागे टेम्पोत शिवा आणि हैबतराव.

"बघ! बघ!" हैबतराव डॅशबोर्ड बडवत होते. "चौथी झाली! म्हणं मापात चुकलं!"

"दादा," शिवा म्हणाला, "पोरगी मघाशी मोठी दिसत होती, नाय?"

"लांब गेली म्हणून बारीक दिसती."

"लांब नाय गेली. बुटकी व्हायलीय."

हैबतरावांनी चष्मा पुसला. खरंच! मालू हळूहळू बसत चालली होती. दर खड्ड्याला बोटभर. गुडघे वर येत होते, आधी पोटापाशी, मग छातीपाशी. ऊन चढत होतं. आणि एकदम हैबतरावांना आठवलं.

शाडू वाळली की आकसते.

दर वर्षी कारखान्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हैबतराव त्याला हेच सांगत. वाळली की आकसते, बाबा, म्हणून मूर्ती थोडी मोठी घ्यायची. चाळीस वर्षं सांगत आले होते. काल तेवढं स्वतःला सांगायचं राहिलं!

कासू आलं, तेव्हा वाळलेल्या शाडूचे तुकडे सायकलमागे रस्त्यावर सांडत होते आणि मालूचे गुडघे कानापाशी पोचले होते. तरी ती चौथी होती! पाचवी मुलगी बरीच मागे. हळू गेली असती, उठत-बसत गेली असती, तरी कदाचित निभलं असतं. पण हैबतरावांना कुठला धीर!

"शिवा, पुढं घाल टेम्पो!"

"दादा, सरांनी सांगितलंय जवळ जायचं नाय."

"घाल म्हणतो ना!"

टेम्पो पुढे गेला. हैबतराव चालत्या टेम्पोतून उतरले, धावले, आणि मालूच्या मागून जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरून वर उचलली. मूर्ती उचलतात तशी, जपून. मालू ओरडली, "आजोबा, सोडा! हात नका लावू!"

"धरलंय मी, पोरी! चल तू!"

पीऽऽऽ!

मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून विमलबाई उतरल्या. त्या शर्यतीच्या पंच. गळ्यात शिट्टी, हातात वही. "सव्वीस नंबर! बाहेरची मदत घेतली. बाद."

"बाहेरची?" हैबतराव धापा टाकत म्हणाले. "अहो, मी घरचा हाय! आजोबा हाय तिचा!"

"घरची मदत पण बाहेरचीच धरतात, काका."

"माझी चूक हाय. मिशी काढतो, पायजे तर! तिचं नाव नका काढू."

विमलबाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी शिट्टी हातात घट्ट धरली. पण नियम तो नियम. वहीत सव्वीसवर एक आडवी रेघ पडली. पाचवी मुलगी बाजूनं निघून गेली आणि चौथी झाली.

मालू रडली नाही. तिनं सीटकडे बघितलं, आजोबांच्या हातांना लागलेल्या शाडूकडे बघितलं. मग पायडलवर उभी राहिली आणि निघाली.

"अगो, आता कुठं?" हैबतराव म्हणाले. "टेम्पोत बस."

ती बसली नाही. टेम्पोतही नाही आणि सीटवरही नाही. कासूपासून नागोठण्यापर्यंत उभी, नागोठण्यापासून रोह्यापर्यंत उभी! मागून टेम्पो संथ चालला होता. शिवा एकदाही बोलला नाही, यावरून काय ते समजा.

रोह्यात ती पोचली, तेव्हा मांडवाचं कापड उतरवत होते. जिल्ह्याच्या चमूत गेलेल्या चार मुली फोटो काढून घेत होत्या. टी-शर्ट हिरवा होता. मालूनं तो लांबून पाहिला. हैबतराव पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले.

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "आजोबा, सायकलवर माणूस उभा पण राहतो."

एवढंच. परत येताना सायकल टेम्पोत पेंढ्यावर आडवी ठेवली होती, मूर्ती ठेवतात तशी. मालू तिच्याजवळ मागे बसली. हैबतराव पुढे. पेण येईपर्यंत त्यांनी मागच्या काचेतून किती वेळा पाहिलं, ते शिवानं मोजलं नाही म्हणतो.

त्याच संध्याकाळी त्यांनी मिशी काढली. आळीत कुणी विचारलं नाही. सगुणासुद्धा काही बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. नवीन गिऱ्हाइकं आता सरळ मूर्तीलाच नमस्कार करू लागली.

मालू घरात बोलायची. जेवायला वाढू का, दिवा लावला का, असलं. पण कारखान्यात पाऊल टाकेना. एकदा हैबतरावांनी चष्मा स्वच्छ धुतला आणि सरांची चिठ्ठी पंधराही ओळी वाचून काढली. इतकी साधी होती! अनवाणी उभं राहायचं, पाठ भिंतीला. पुस्तकाची कड वर करून ते पायांच्या मधे दाबून धरायचं. जमिनीपासून त्या कडेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं. त्या आकड्याचे साधारण दोन तृतीयांश म्हणजे तुमची फ्रेम. मालूला अठ्ठावन्न लागली असती. तुम्हीही घरी मोजून बघा. पण मोजणारा "बस" म्हणाला, तर उठून जा.

त्यांनी पुण्याला फोन केला. दुकानदार म्हणाला, "काका, आता नळी घातलेली, शाडू भरलेली फ्रेम मी परत कशी घेऊ?" तेही खरंच होतं. लाल सायकल कोपऱ्यात उभी राहिली. तिच्यावर मूर्तींची धूळ बसू लागली.

नवव्या दिवशी सकाळी हैबतराव पाटावर बसून उंदराचे कान करत होते. दारात सावली पडली, लांबच लांब. मालू आत आली. एका हातात टेप, दुसऱ्या हातात पुस्तक.

"उठा."

हैबतराव उठले.

"चप्पल काढा. भिंतीला टेका. हे पुस्तक धरा."

"वाचू?" त्यांनी घाबरत विचारलं.

"धरा नुसतं."

त्यांनी धरलं. मालू खाली बसली, टेप लावली, नीट वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मग तिच्या गालावर नऊ दिवसांत पहिल्यांदा खळी पडली.

"तीस इंच," ती म्हणाली. "सुतात!"

रंग कालवता कालवता सगुणाच्या तोंडातून फुस्सकन हसू सुटलं.

मालूनं कोरणी उचलली. लाल सायकलच्या फ्रेममधली शाडू टोकरून टोकरून काढली, कान्हूची नळी ओढून बाजूला टाकली, मूळची दांडी खुणेच्या आत बसवली आणि धूळ फडक्यानं पुसली. मग ती सायकल आजोबांच्या पुढ्यात उभी केली.

"बसा."

हैबतराव बसले. पन्नास नंबरची फ्रेम त्यांना अशी बसली, जशी महिपतीच्या मखरात मूर्ती!

बाहेर सगुणाची, म्हणजे मालूचीच, काळी सायकल भिंतीला लावलेली होती. "मावशीनं संध्याकाळपर्यंत दिलीय," मालू म्हणाली. "मी मागून घेतली. मागितली की देतात माणसं. चला, कासूपर्यंत. मागं राहिलात तर थांबणार नाय मी."

आणि ती खरंच निघाली. मागे हैबतराव लाल सायकलवर वाकलेले, वळत, डुगडुगत, "अगो मालू! ब्रेक कुठला गो ह्याचा?" असं ओरडत.

ती थांबली नाही. पण रामवाडीच्या वळणावर तिनं वेग कमी केला, मागे वळून बघितलं, आणि एक पाय जमिनीला टेकवला. लांब होता, सहज टेकला.